घंटी थांबू दे

आत्याने मला शाळेतून काढलं आणि यंत्राच्या हँडलला जुंपलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल दोन शब्द बरे लिहिले तर ती देवमाणूस होती असा कुणाचा समज व्हायला नको. देवमाणूस वगैरे काही नव्हती. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत दूध आणून त्याची मलई काढणारी, मलई बेकरीला आणि उरलेलं पातळ दूध शेजारपाजारी विकणारी, फटकळ तोंडाची एकटी बाई होती. आमची आई गेली तेव्हा वडिलांनी मला आणि दादाला त्यांच्या या बहिणीच्या दारात आणून सोडलं आणि "सोय लागली की न्यायला येतो" म्हणाले. अजून यायचेत.

मागची खोली यंत्राची. फरशी कायम ओली, मोरीकडे उतार दिलेली. खिडकी एकच, तीही उंचावर. सकाळचं ऊन तिच्यातून तिरकं यायचं आणि यंत्राच्या डोक्यावर पडायचं. कोमट दूध, ओलं लोखंड आणि धुण्याचा सोडा यांचा मिळून एक वास असतो. तो कुठे आला की आजही माझी उंची हातभर कमी होते.

यंत्राचे लोखंडी पाय जमिनीला बोल्टांनी आवळलेले होते. डोक्यावर दुधाचं मोठं पातेलं, पातेल्याला खाली तोटी. तोटीखाली यंत्राचं पोट, आणि पोटातून बाहेर आलेल्या दोन चोची, एक मोठी, एक लहान. बाजूला माझं हँडल. पोटात एक जाड भांडं बसायचं आणि त्या भांड्यात टोपीच्या आकाराच्या पातळ पत्र्याच्या चकत्या, एकीवर एक रचलेल्या. मी हँडल एकदा फिरवलं की आतलं भांडं दात्यांच्या चाकांवर कितीतरी वेळा गरगरायचं.

हे सगळं कशासाठी, ते आत्याने आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं.

"तुम्ही दोघं हात धरून गरगर फिरता, तेव्हा हात सुटल्यावर लांब कोण जाऊन पडतं?"

"दादा," मी म्हटलं.

"का?"

"जाड्या आहे म्हणून."

"ए!" दादा म्हणाला.

"बरोबर बोलतेय ती," आत्या म्हणाली. "दूध जड, मलई हलकी. नुसतं ठेवलं तर हलकी मलई आपसूक वर येते, पण तिला रात्र लागते आणि बेकरीवाला रात्रभर थांबत नाही. गरगर फिरवलं की जे जड ते बाहेर पळतं, जे हलकं ते मधे राहतं. बाहेरचं मोठ्या चोचीतून येतं, मधलं लहान चोचीतून. संपला विषय."

"आणि घाण?" दादाने विचारलं. दुधात केस, माती, काय काय यायचं.

"घाण सगळ्यात जड. ती भांड्याच्या भिंतीला चिकटून बसते. ती खरवडायला तू आहेस."

पुढे आयुष्यात स्वतःला समाजाची मलई समजणारे पुष्कळ भेटले. वर बसलोय म्हणजे काहीतरी भारी असणार अशी त्यांची ठाम समजूत असते. मी त्यांना तोंडावर सांगते, मलई वर येते ती हलकी असते म्हणून. मी हाताने काढलेली आहे, मला शिकवू नका.

आता घंटीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

हँडलच्या मुठीशी एक छोटी घंटी बसवलेली होती. हँडल हळू फिरत असलं की प्रत्येक फेऱ्याला आतला लोळा खाली आपटायचा, टिंग. वेग वाढला, की ज्या ओढीने दूध बाहेर पळतं त्याच ओढीने तो लोळाही बाहेरच्या बाजूला दाबून बसायचा. मग आपटणार कसा? घंटी गप्प. घंटी गप्प झाली म्हणजे वेग पुरेसा झाला, आता तोटी सोडा. आधी सोडली तर मलई वेगळी होत नाही, दोन्ही चोचींमधून सारखंच पांढरं पाणी येतं, वर भांड्याच्या बुडातून गळतं ते वेगळंच.

म्हणून आत्याचा नियम होता, घंटी वाजतेय तोवर घरात कुणी तोंड उघडायचं नाही. घंटी थांबलेली ऐकू यायला हवी ना! शेजारीण आली तरी दारात उभी राहायची. बेकरीवाला आला तरी टोपी हातात घेऊन गप्प. मी हँडलवर, दादा तोटीपाशी, कान टवकारून. आमचं कितीही कडाक्याचं भांडण चाललेलं असो, आत्या एवढंच म्हणायची, "घंटी थांबू दे. मग बोला." टिंग, टिंग, टिंग, आणि मग ती शांतता. दादा तोटी सोडायचा, दुधाची धार आत जायची, यंत्राच्या पोटातून एक बारीक लांबलचक सूर निघायला लागायचा, आणि लहान चोचीतून पिवळसर दोरा खाली उतरायचा. तो दोरा बघताना भांडण कशावरून होतं ते आठवायचंच नाही. असे माझे किती मुद्दे त्या यंत्रात गेले असतील याचा हिशेब नाही. शाळेचा मुद्दाही त्यातच गेला. दादा शिकत राहिला, कारण तोटी सोडायला जोर लागत नाही, ती शाळेआधीही सोडता येते. हँडलला जोर लागतो, आणि दिवसातून तीनदा लागतो. माझे दंड चांगले होते. एवढंच कारण.

आत्या आम्हाला नावानेही हाक मारायची नाही. मी हँडल, तो तोटी. "ए हँडल, जेवायला चल. तोटीला पण उठव."

वर्षं गेली. बेकरीवाल्याने कंपनीची डबाबंद मलई आणायला सुरुवात केली आणि आमचं यंत्र थांबलं. दादा ऑफिसात लागला, लग्न केलं, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मी गावाच्या कडेला जागा घेऊन शेळ्या पाळल्या. आत्या त्या दोन खोल्यांत एकटीच राहिली आणि हळूहळू बहिरी झाली. शेवटी तिच्याने एकटीने राहवेना, तेव्हा दादाकडे जायचं ठरलं. खोल्या मालकाला परत करायच्या होत्या. सामान हलवलं. राहिलं यंत्र.

मला ते हवं होतं. आठवण म्हणून नाही. शेळीच्या दुधाचं एक असतं, ते रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर ठेवा, त्याच्यावर म्हणण्यासारखी साय धरत नाही. मलई असते, पण ती इतक्या बारीक कणांनी दुधात विखुरलेली असते की वर यायचं नावच घेत नाही. गरगर फिरवल्याशिवाय ती निघत नाही. माझ्याकडे दूध होतं, दंड अजून होते, यंत्र नव्हतं.

दादाने मात्र ते एका हॉटेलवाल्याला द्यायचं कबूलही करून टाकलं होतं. मला कळलं ते खोल्या सोडायच्या दिवशी. मी दुधाचा कॅन घेऊन पोचले तर यंत्र हिरवंगार! हॉटेलवाल्याने आपला रंगारी पाठवून त्याला दोन हात चकचकीत ऑइलपेंट मारून घेतला होता. पाय हिरवे, पोट हिरवं, हँडल हिरवं. हॉटेलवाला स्वतः दारात उभा, बाहेर त्याची गाडी आणि दोन हमाल.

"दाराशी ठेवणार," तो मला सांगायला लागला. "वरच्या पातेल्यात फुलं. खाली दिवा. लोक फोटो काढतील."

"फुलं?" मी म्हटलं. "आणि हँडलला काय, टोप्या अडकवणार?"

"अगं, तू जरा ऐक," दादा मधे पडला. "तुझ्या गोठ्यात गंजून जाण्यापेक्षा लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. पाटी लावणार आहेत ते, आत्याच्या नावाची."

"आत्या मेल्यावर लाव पाटी. ती अजून समोर बसलीय."

"तुला कायमच माझं चुकीचं वाटतं."

"कायम नाही. तू चुकतोस तेव्हाच. आता तू कायम चुकतोस त्याला मी काय करू?"

आत्या मोडक्या खुर्चीत, तोटीच्या बाजूला बसली होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण आमची तोंडं दिसत होती, आणि ती तोंडं तिने लहानपणापासून बघितलेली. तिने काठी फरशीवर आपटली.

"पुरे. हँडल, तू दूध आणलंयस ना?"

मी मान हलवली.

"मग काढ मलई. निघाली तर यंत्र तुझं. नाही निघाली तर ते जुनं लोखंड आहे, मग त्याच्यात फुलं ठेवा नाहीतर कोंबड्या बसवा." मग हॉटेलवाल्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही थांबा. दारातच थांबायचं असतं."

तो थांबला. आत्याच्या आवाजाला आजही माणसं थांबतात.

स्टोव्ह अजून हलवलेला नव्हता. दूध हाताला कोमट लागेल इतकं तापवलं. गार दुधातली मलई चकत्यांना चिकटून बसते, म्हणून दूध निवायच्या आत काम उरकावं लागतं. दादाने न सांगता कपाटातून चकत्या काढल्या. त्या जाड तारेत ओवून टांगलेल्या होत्या, आत्याने ठेवल्या होत्या तशाच. त्याने बाह्या सरसावल्या आणि एकेक चकती भांड्यात रचायला लागला. ऑफिसातला साहेब, हाताला घड्याळ, पण बोटं विसरली नव्हती. रंगाऱ्याचा ब्रश आतपर्यंत पोचला नव्हता, एवढं नशीब.

अर्धं दूध वर पातेल्यात ओतलं, अर्धं कॅनमध्ये ठेवलं. मी हँडल धरलं.

पहिले काही फेरे जड जातात, जड गाडा उतारावर आणावा तसे. मग भांडं स्वतःच ओढ घेतं. मी फिरवत होते आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. काय ते कळायच्या आत आत्याने दादाकडे बघून विचारलं, "वाजतेय का?"

दादाने खरं ते सांगितलं. मान हलवली, नाही.

आणि आत्याने तोटी सोडली.

तिची काय चूक? तिच्या घरात घंटी वाजत नाही याचा अर्थ एकच होता. आयुष्यभर एकच होता. मी "अगं थांब!" म्हणून ओरडले, पण ओरडून तिला काय ऐकू जाणार? दूध आत गेलं, दोन्ही चोचींमधून पांढरं पाणी भसाभसा आलं, भांड्याच्या बुडातून गळलं, आणि यंत्राच्या हिरव्या पायांवरून ओघळत हॉटेलवाल्याच्या बुटांपर्यंत गेलं.

"अरे अरे अरे!" तो मागे सरकला.

मी वाकून घंटीजवळ डोळा नेला. रंगाऱ्याने मन लावून काम केलं होतं. घंटीच्या फटीत रंग शिरून वाळला होता आणि लोळा तिथेच जाम झाला होता. मी नखाने उकरलं, दादाने किल्लीने उकरलं. ढिम्म.

"अहो, घंटी तुम्ही रंगवून बंद केलीत," मी हॉटेलवाल्याला म्हटलं.

"मला वाटलं तुटलेला भाग आहे. आवाज करत होता," तो म्हणाला. "पण आता ठरलं ना? मलई काही निघाली नाही."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. पण खरं सांगायचं तर घाबरले होते. घंटीशिवाय मी हँडल कधीच फिरवलेलं नव्हतं. किती वेगाला बस म्हणायचं ते माझ्या हातांना माहीत नव्हतं, कारण ते ऐकायचं काम माझं नव्हतंच. हातांचं काम नुसतं थांब म्हणेपर्यंत ओढायचं. आणि आजचे दंड तेव्हाचे नव्हते, त्यांच्या भरवशावर अंदाज करण्यात अर्थ नव्हता.

आत्याने सगळ्यांचे चेहरे बघितले. काय झालं ते तिला कळलं असावं. ती तोटीवरचा हात काढून मागे टेकून बसली.

"कॅनमध्ये दूध आहे ना अजून?" ती म्हणाली. "ते निवतंय."

दादाने उरलेलं दूध वर ओतलं. मी पुन्हा हँडल धरलं. ओढलं. गाडा हलला. खोलीत लोखंडाचा घुमणारा आवाज, बाकी काही नाही. मी ओढत राहिले, खांद्यात कळ आली, आणि ती नुसती शांतता मला खायला उठली.

"टिंग."

मी मान वर केली. दादा तोटीपाशी उभा होता, त्याच्या जुन्या जागेवर, भिंतीला पाठ लावून. डोळे मिटलेले.

"टिंग," तो म्हणाला. हँडल खाली आलं की टिंग. पुन्हा खाली आलं की टिंग.

लहानपणी तो मला चिडवायला हे करायचा. मी घामाघूम होऊन फिरवत असायचे आणि हा घंटीबरोबर तोंडाने वाजवायचा, आत्याचा धपाटा बसेपर्यंत. तेव्हा मला वाटायचं याला काही कामधंदा नाही. आता कळलं की तो घंटीबरोबर यंत्राचा घुमणारा सूरही ऐकत असायचा. रोज, शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर, तोटीवर हात ठेवून, कधी एकदा हे थांबतंय आणि मला बोलता येतंय याची वाट बघत. कुठल्या सुराला घंटी गप्प होते हे त्याच्या कानात बसलं होतं.

"टिंग. टिंग. टिंग."

दारात हॉटेलवाला हसत होता. हमालही. दादाच्या कपाळावर घाम होता. त्याला यंत्र मला द्यायचं नव्हतं, हे विसरू नका. तो कुठेही थांबू शकला असता. जरा आधी गप्प झाला असता की दूध पुन्हा जमिनीवर, यंत्र हॉटेलच्या दाराशी, पाटी, फुलं, सगळं त्याच्या मनासारखं. कुणाला कळलंही नसतं. मला तर नाहीच.

माझ्या खांद्यातून कळ पाठीत उतरली. यंत्राचा घुमणारा सूर वर चढत होता. "टिंग," दादा म्हणत होता, आता भराभर, "टिंग, टिंग, टिंग, टिं"

आणि दादा गप्प झाला.

आत्या त्याच्या ओठांकडे बघत होती. ते थांबले तशी ती पुढे झुकली, पण तोपर्यंत दादाने स्वतःच तोटी सोडली होती.

सगळ्यात आधी तो बारीक लांबलचक सूर आला. मग मोठ्या चोचीतून निळसर पातळ दूध, स्वच्छ, एका धारेने. लहान चोच कोरडी. मी फिरवत होते आणि फक्त तिच्याकडे बघत होते. तिच्या टोकाला एक पांढरा थेंब जमला, लोंबला, जाड झाला आणि मग खाली उतरला तो दोराच. शेळीची मलई पांढरीशुभ्र असते, पिवळी नसते. एवढाच फरक.

हॉटेलवाल्याने टोपी काढली होती, का ते त्यालाच माहीत.

वरचं दूध संपलं तसा दादा स्टोव्हकडे धावला आणि कोमट पाणी आणून पातेल्यात ओतलं. शेवटची मलई भांड्यात अडकून राहते, मागून पाणी घातल्याशिवाय बाहेर येत नाही. माझ्या डोक्यातून हे पार गेलं होतं. त्याच्या नाही गेलं.

मग मी हँडल सोडलं. हे भांडं हाताने थांबवायचं नसतं, आपोआप थांबू द्यायचं असतं, आणि त्याला बराच वेळ लागतो. आम्ही तिघं त्याचा सूर उतरत जाताना ऐकत बसलो. म्हणजे आम्ही दोघं ऐकत होतो. आत्याने यंत्राच्या पोटावर तळवा ठेवला होता.

"झालं?" तिने विचारलं.

सूर थांबला होता. मी तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसले, तिला माझं तोंड नीट दिसेल अशी, आणि म्हटलं, "मला शाळेतून का काढलंस?"

दादा खाली बघायला लागला.

"मला एकटीने जमत नव्हतं," आत्या म्हणाली. लगेच म्हणाली, जणू कालच विचारलं होतं. "आणि तू मागितली नाहीस शाळा."

"तू बोलू कुठे देत होतीस? घंटी थांबू दे, घंटी थांबू दे."

"थांबायची की. मग बोलायचं होतंस." तिने यंत्रावरचा तळवा काढून घेतला. "वाईट केलं मी ते. बोलली असतीस तरी पाठवलं नसतं. पण वाईट केलं."

मी रडले वगैरे नाही. मला फक्त ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आता तिला मी माफ केलं का म्हणाल, तर अर्धं केलं. बाकीचं अर्धं माझं मी ठेवून घेतलंय, मला लागतं ते.

हॉटेलवाल्याला आत्याने दुधाची जुनी गळकी बादली दिली. "फुलं हिच्यात छान राहतात," म्हणाली. बिचाऱ्याने ती नेली. आणि त्याच्याच हमालांनी यंत्राचे बोल्ट सोडवून ते माझ्याकडे पोचवलं.

आता ते माझ्या गोठ्याशेजारच्या खोलीत आहे. अजून हिरवंच आहे. रॉकेलचा बोळा घेऊन बसले तर घंटीतला रंग एका सकाळी निघेल, हे मला चांगलं माहीत आहे. एरवी मी अंदाजाने फिरवते, कधी साधतं, कधी जमीन धुवावी लागते. पण सुट्टीच्या दिवशी दादा आत्याला घेऊन येतो. तिला खुर्ची टाकून देतो, घड्याळ काढून खिशात घालतो, भिंतीला पाठ लावतो आणि डोळे मिटतो. आल्या आल्या आमचं भांडण सुरू झालेलं असलं तर ते तेवढ्यापुरतं थांबतं.

परवा म्हणाला, "अगं, ती घंटी एकदाची साफ कर की. माझा घसा बसतो."

"करते," मी म्हटलं.

घंटी वाजायला लागली तर हा कशाला येईल?